अर्ध्यावर थांबलेले उदासिनीकरण

नववीच्या विज्ञानात आम्लारीची आम्लधर्मता एका व्याख्येत आटोपते. सोडियम हायड्रॉक्साइडची एक, कॅल्शियम हायड्रॉक्साइडची दोन, ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडची तीन. हायड्रॉक्सिल मोजले की गुण मिळाले. पण हायड्रॉक्सिल एकाहून अधिक असतील, तर उदासिनीकरण मध्येच थांबू शकते आणि उरलेले हायड्रॉक्सिल पोटात घेऊन आम्लारिधर्मी क्षार तयार होतो, हे मुलांच्या मनावर ठसत नाही. मुखेडसारख्या कोरडवाहू तालुक्यात असा क्षार शेतीच्या वापरातला आहे, तेव्हा धडा त्याच्यापासूनच सुरू करायला हवा.

पावसाच्या ताणानंतर एकदम पाणी साचले की कपाशी माना टाकते. या आकस्मिक मरीवर परभणीच्या कृषी विद्यापीठाने सुचवलेल्या आळवणीत युरिया व पालाशासोबत दहा लिटर पाण्याला 25 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड असते. तांब्याच्या हायड्रॉक्साइडची आम्लधर्मता दोन, म्हणजे दोन रेणूंत चार हायड्रॉक्सिल. कॉपर ऑक्सिक्लोराइडच्या भुकटीत त्यांतल्या एकाच्या जागी क्लोराइड आले आहे, तीन तसेच आहेत. चारही गेले असते तर पाण्यात सहज विरघळणारे, पाने जाळणारे कॉपर क्लोराइड झाले असते. तीन राहिले म्हणून ती जवळजवळ विरघळत नाही, फवारली तर पानाला धरून राहते आणि तांबे थोडे थोडे सोडते. मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रणही याच जातीचे. फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी ते 1885 साली द्राक्षावरच्या केवड्यासाठी पुढे आणले. त्यात चुना कमी पडला, तर बुडवलेल्या लोखंडी विळ्यावर तांबूस थर चढतो.

मात्रा कळली की पुरे, शेतकऱ्याला रेणू कशाला, असे कुणी म्हणेल. मात्रा अचूक असूनही त्याच पंपात आम्लधर्मी विद्राव्य खत मिसळले, तर उरलेले हायड्रॉक्सिल आम्लाशी अभिक्रिया करतात, तांबे झपाट्याने मोकळे होते आणि पाने करपतात. हे कारण ज्याला कळले, तो नवे खत बाजारात आले तरी आधी विचार करील. विळ्याचा हा प्रयोग वर्गात करायचा, तर मोरचूद विषारी आहे, हा आक्षेप मात्र रास्त आहे, म्हणून ते मुलांच्या हाती देऊ नये. शिक्षकांनी स्वतः प्लास्टिकच्या भांड्यात पाच ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात विरघळवावे, चिमूटभर चुना घालून खिळा बुडवून दाखवावा, मग पाच ग्रॅम चुना पुरा करून दुसरा खिळा. प्रश्नपत्रिकेतही व्याख्येऐवजी हेच विचारावे, की पहिल्या खिळ्यावर तांबे का चढले आणि दुसऱ्यावर का नाही.