घुणाक्षरे कोणाची?

गेल्या महिन्यात एका हस्तकला-प्रदर्शनात आंब्याच्या लाकडाचा एक कातीव वाडगा पाहण्यात आला. काठालगत टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रे, त्यांच्यामधून वळत गेलेले बारीक चर; मोडी लिपीतला एखादा फाटका कागदच जणू. शेजारी पाटी होती : 'निसर्गाने स्वतः घडवलेली कलाकृती'. कातणाऱ्याचे नाव कुठेही नव्हते. आमच्याबरोबर असलेल्या एका व्युत्पन्न स्नेह्यांनी पाटी वाचून समाधानाने मान डोलावली आणि म्हणाले, "घुणाक्षरन्याय! यात कारागिराचे काय?"

आम्ही दोघेही गेली कित्येक वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवीत आहोत. न्याय, दृष्टान्त यांच्याशी आमचे वैर असण्याचे कारण नाही. पण या न्यायाशी आमचे भांडण आहे.

लाकूड पोखरता पोखरता घुणाच्या हातून (घुणाला हात कुठले, पण असो) चुकून अक्षर उमटते. त्याचे श्रेय त्याला देऊ नये, तो योगायोग होय, असे हा न्याय सांगतो. म्हणजे यात पात्रे दोनच : पोखरणारा किडा आणि वाचणारा पंडित. लाकूड कापणारा तिसरा माणूस यात नाहीच. आणि किडक्या लाकडाच्या बाबतीत नेमका तोच तर सगळ्यात महत्त्वाचा!

कारण असे, की पोखरलेल्या ओंडक्याच्या अंगावर अक्षरे नसतात, टिंबे असतात. लाकूड खाते ती अळी, आणि ती आत असते. बाहेर दिसणारे भोक म्हणजे पूर्ण वाढलेला भुंगेरा जिथून निघून गेला ते दार. (सालीखाली नक्षी कोरणाऱ्या भुंगेऱ्यांची गोष्ट वेगळी, तिथेही साल कोणीतरी काढावीच लागते.) आतले बोगदे उघडे पडतात ते पटाशी त्यांना तिरकी छेदून जाते तेव्हा. गोल भोक लांबट होते, बोगद्याचा चर होतो. अर्धा मिलिमीटर आणखी कातले, की हे अक्षर पुसले जाऊन खालचे दुसरे वर येते. कुठे थांबायचे हे घुण ठरवत नाही.

जुन्या फर्निचरचे जाणकार यावरूनच खोटा माल ओळखतात. पृष्ठभागावर उघडे चर दिसले, की लाकूड किडल्यानंतर कापलेले आहे हे उघड होते. पंडितांना जे निसर्गाचे हस्ताक्षर वाटते, तो जाणकाराच्या लेखी हत्याराचा पुरावा असतो.

बरे, हा कातारी हत्यार धरण्याआधी काय काय करतो, तेही ऐकावे. घर अजून वसते आहे की रिकामे झाले, हे त्याला आधी पाहावे लागते. काही भुंगेरे ताज्या, ओल्या ओंडक्यात शिरतात. ते लाकूड खातच नाहीत. बोगद्यात बुरशीची शेती करतात आणि तिच्यावर जगतात. भोकाभोवती उमटणारे काळपट-करडे पट्टे त्या बुरशीचे. लाकूड वाळले की यांचा मुक्काम संपतो. पिठूळ भुसा पाडणारे मात्र वाळलेल्या लाकडातच राहतात. सालीलगतच्या पांढऱ्या लाकडातली पिष्टद्रव्ये हे त्यांचे अन्न, आणि आंबा त्या बाबतीत उदार आहे. लाकूड तोडल्यावर पाण्यात बुडवून ठेवण्याची जुनी रीत या पिष्टद्रव्यांसाठीच. ओंडक्याखाली काळा कागद ठेवावा. काही दिवसांनी त्यावर नवे पीठ दिसले, तर आत वस्ती आहे. मग उष्णता द्यायची. मालपेट्यांच्या लाकडासाठीचा आंतरराष्ट्रीय नियम गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, सलग ३० मिनिटे, असा आहे. ही दक्षता न घेता वर लाख चढवली, तर काही महिन्यांनी भुंगेरा ती लाख फोडून बाहेर येतो आणि शेजारच्या लाकडात अंडी घालतो.

आणि फिरत्या लेथवर? पोकळ जागी पटाशी अडकली, की वाडगा फुटून तोंडावर येतो. पातळ गोंद मुरवून भुसभुशीत भाग आधी घट्ट करावा लागतो. उडणारी धूळ नाकातोंडात जाते ती वेगळीच. लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवले आहे. ही सारी जोखीम ज्याची, त्याचे नाव पाटीवर नाही!

आमच्या परिचयाच्या एका कोकणी कातारी गृहस्थांचे असेच सहा वाडगे एका व्यापाऱ्याने 'किडका माल' म्हणून अर्ध्या किमतीत घेतले. सावंतवाडीच्या चितार आळीतल्या खेळण्याला छिद्र चालत नाही, हे आम्हांला मान्य आहे. रंगीत लाख एकसंध अंगावरच नीट बसते आणि खेळणे मुलाच्या तोंडात जाणार असते. पण खरेदी करताना जो दोष, तोच विक्रीच्या वेळी 'नैसर्गिक सौंदर्य' कसा होतो? दोन्ही वेळा तोटा मात्र एकाच माणसाचा.

अमेरिकेत १९७० च्या दशकात मेल्विन आणि मार्क लिंडक्विस्ट या पितापुत्रांनी बुरशीने सडू लागलेले लाकूड लेथवर घेतले. ती भांडी आज लिंडक्विस्टांची म्हणून ओळखली जातात, बुरशीची म्हणून नव्हे.

आमची समीक्षा तरी याहून शहाणी आहे काय? बहिणाबाई चौधरींची (१८८०–१९५१) कविता १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली. तेव्हापासून 'उत्स्फूर्त', 'मातीतून उगवलेली' ही विशेषणे आम्ही वर्गात बिनदिक्कत वाटत आलो. ओवीची लय तोलणे, शब्द निवडणे, नको तो टाकणे, हे सारे मातीनेच केले असावे! ही पाटी आम्हीही लावलेली आहे. म्हणूनच दुसऱ्याची पाटी इतकी झोंबली असेल.

किडके ते सगळेच सुंदर, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. प्रत्येक भोकात निळी चकचकीत राळ ओतण्याची जी टूम निघाली आहे, ती तर आम्हांला असह्य होते. पण तीही कोणाची तरी निवड असते, आणि निवडीशी निदान वाद घालता येतो.

निघताना आम्ही विक्रेत्याला विचारले, "हा कातला कोणी?"

"माल कोकणातून येतो, सर," तो म्हणाला, आणि वाडग्याची किंमत सांगू लागला.