प्रार्थनेत आवाज, निर्णयात मौन

कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचे माहेर. तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी वसलेल्या या गावातून तिची पालखी दरवर्षी आषाढीला पंढरपूरला जाते. ही प्रथा १५९४ पासूनची आहे, असे इथले लोक अभिमानाने सांगतात. कथा सगळ्यांना ठाऊक आहे. भावाने शिशुपालाशी लग्न ठरवले, तर या मुलीने स्वतः पत्र लिहून द्वारकेला धाडले आणि आपल्या मनातला नवरा निवडला. त्या पत्राचे आपल्याकडे केवढे कौतुक! पण आज याच परिसरातल्या एखाद्या बाईने आपल्या मनाने आपला देव निवडला, तर पहिला प्रश्न ठरलेला असतो: हिला फूस कोणी लावली?

हा प्रश्न मी बचत गटाच्या कामात अनेकदा ऐकला होता. खरे सांगायचे तर मनातल्या मनात मीही तो विचारला होता. आमच्या गटातली एक शेतमजूर बाई दर गुरुवारी संध्याकाळी जवळच्या गावातल्या लहानशा बॅप्टिस्ट मंडळीच्या प्रार्थनेला जाते. पंधरा-सोळा घरांची ही मंडळी. गावाचे नाव मी इथे देत नाही. हल्ली अशी नावे छापली की दुसऱ्या दिवशी दारात कोण येऊन उभे राहील, सांगता येत नाही. ती मला म्हणाली, "ताई, तुमी एकडाव येऊन तं पाहा जी." मी ख्रिस्ती नाही. चळवळीत आल्यापासून धर्म चपलांसारखा बाहेर काढून ठेवायचा, अशी सवय लागलेली. तरीही गेले.

पत्र्याची एक खोली, खाली सतरंजी. एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला पुरुष. मोजून पाहिले, तर पुरुषांच्या दुपटीहून जास्त बाया होत्या. ढोलकी होती, टाळ होते. गाण्याची चाल अगदी भजनाची. याच तालुक्यात मोझरीला तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आहे. सामुदायिक प्रार्थनेची सवय वऱ्हाडातल्या गावांना त्यांनी लावली. त्यामुळे दिवेलागणीला एकत्र बसून देवाचे नाव घेणे इथे कुणालाच परके नाही. परके वाटले ते पुढचे.

गाणी झाल्यावर पाळकांनी विचारले, "कुणाची साक्ष आहे?" एकेक बाई उठून बोलू लागली. मग प्रार्थनाविनंत्या सुरू झाल्या. पोराच्या शाळेसाठी, कपाशीच्या भावासाठी, सासूच्या गुडघ्यासाठी, नवऱ्याची दारू सुटावी म्हणून. दोघी-तिघींनी एवढेच म्हटले, "माह्या घरी शांती नाई. शांतीसाठी प्रार्थना करा." या 'शांती'चा अर्थ कळायला मला थोडा वेळ लागला. एकीच्या कोपरावरची सूज पाहिली तेव्हा कळला. बायांना तो आधीच ठाऊक होता. शेजारच्या बाईने न बोलता तिच्या पाठीवर हात ठेवला आणि प्रार्थना संपेपर्यंत काढला नाही.

आमच्या गटातली ती बाई दोन वर्षांत बैठकीत हप्त्याच्या रकमेपलीकडे काही बोललेली नाही. तिथे ती दहा मिनिटे बोलली, रडली, हसलीसुद्धा. परतताना मी कारण विचारले. ती म्हणाली, "तेथं मले बोलाले भेटते. कोणी मधात तोडत नाई." मैत्रिणींनो, हे वाक्य आपल्याला लागायला हवे. ऐंशीच्या दशकात आपण गटांत बसून एकमेकींचे अनुभव ऐकत होतो, तेव्हा आपल्याला हेच तर हवे होते. आता आपल्या बैठकांत हिशेबाच्या वह्या आहेत, अर्ज आहेत, योजना आहेत. बाईने आपले दुःख मोकळेपणी सांगावे, अशी जागा मात्र तिला सतरंजीवरच्या प्रार्थनेत मिळते आहे. त्या जागेला 'मिशनऱ्यांचे जाळे' म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे नाही.

तरीही त्या खोलीतले दुसरे दृश्यही सांगितले पाहिजे. प्रार्थना संपल्यावर मंडळीची सभा झाली. खोलीच्या भिंती वाढवायच्या होत्या, वर्गणीचा हिशेब होता, पाळकांचे मानधन ठरवायचे होते. सभेत बोलले ते पाच पुरुष. बाया चहा करायला मागे गेल्या. वर्गणीत मात्र मजुरीतून काढलेली त्यांची रक्कम होती. कोपर सुजलेल्या बाईला एका वडिलांनी जाताना सांगितले, "सहन कर, प्रार्थनेत राहा. प्रभू त्याचे मन पालटेल." ती पुन्हा त्याच घरी गेली. तिचे दुःख पहिल्यांदा ऐकणारी जागा तीच, आणि ते झाकून ठेवायला शिकवणारी जागाही तीच.

माझे म्हणणे आहे ते इथेच. बाहेरचे कोणते तत्त्व आणून मी या मंडळीला मोजत नाही. बॅप्टिस्टांचेच तत्त्व त्यांच्यापुढे ठेवते. ही परंपरा १६०९ साली अ‍ॅम्स्टरडॅममध्ये इंग्लंडमधून परागंदा झालेल्या मूठभर लोकांनी सुरू केली. त्यांचे म्हणणे असे की, तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा खरा नव्हे. कळत्या वयात, स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करील त्याचाच बाप्तिस्मा. आई-बाप, नवरा, राजा, धर्मगुरू, कोणीही दुसऱ्याच्या वतीने हे बोलू शकत नाही. दुसरे असे की, या मंडळ्यांवर बिशप नसतो. बाप्तिस्मा घेतलेल्या सभासदांनी एकत्र बसून मंडळीचा कारभार ठरवायचा असतो. मग जिच्या तोंडचा शब्द पाण्यात उतरताना पुरेसा होता, तिचा शब्द वर्गणीचा हिशेब ठरवताना अपुरा कसा? देवासमोर तिच्या वतीने नवरा बोलू शकत नाही, तर सभेत तिच्या वतीने तो कसा बोलतो?

बाईने सुवार्ता सांगितलेली चालते, कारभार केलेला चालत नाही, ही विसंगती जुनी आहे. वऱ्हाडात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिशने आली. अकोला, खामगाव, अमरावतीकडे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे काम होते. अचलपूर-मेळघाटाकडे कोरकूंमध्ये काम सुरू झाले होते, ते १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह बॅप्टिस्ट मिशनने हाती घेतले. मराठी मुलखातल्या मिशनांचे घरोघरचे काम ज्यांनी केले त्यात 'बायबलबाया' होत्या. परक्या पुरुषाला जिथे प्रवेश नव्हता, त्या माजघरात जाऊन त्यांनी बायांना अक्षर शिकवले, शास्त्र वाचून दाखवले. पुष्कळजणी विधवा किंवा टाकलेल्या होत्या, आणि मानधन तुटपुंजे होते. मिशनचा इतिहास लिहिताना साहेबांची नावे आली, यांची फारशी आली नाहीत. मराठीचे पहिल्यापैकी एक छापील व्याकरण १८०५ साली सेरामपूरच्या विल्यम कॅरीने काढले, तो बॅप्टिस्ट होता, हे आपण शाळेत शिकतो. बायबलबाईबद्दल मात्र कुठेच शिकत नाही.

दुसरी वाट नव्हती, असे नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा इकडे त्यांच्यावर टीकेची झोड उठली. पण तिकडच्या धर्माधिकाऱ्यांनाही त्यांनी सुखाने झोपू दिले नाही. विधवेच्या मुंडणाविरुद्ध बोललेली ही बाई, बिशपने सांगितले म्हणून आपली विवेकबुद्धी गहाण टाकायला तयार नव्हती. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी मुली आणि विधवा केडगावला आणल्या. त्या मुक्तिसदनात मुली शेती करत, छापखाना चालवत. १९०५ साली तिथे प्रार्थनेची मोठी लाट उठली आणि मुलींचे गट आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला गेले. रमाबाईंच्या धर्मप्रसाराशी आपल्यातल्या अनेकींचे मतभेद आहेत, माझेही आहेत. पण प्रार्थना करणारी बाई आणि कारभार करणारी बाई एकच असू शकते, हे त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी दाखवून दिले. आजच्या पाळकांनी त्यांची तसबीर लावण्याऐवजी एवढे घेतले तरी पुरे.

आता बाहेरच्यांकडे वळते. मंडळीत बाईला निर्णय नाही, तर मंडळीबाहेरचे तिला मनच नाही असे मानतात. ओडिशाचा १९६७ चा आणि मध्य प्रदेशचा १९६८ चा धर्मांतराविषयीचा कायदा पाहा. सक्तीने किंवा आमिषाने धर्मांतर करणाऱ्याला शिक्षा आहेच. पण धर्मांतरित व्यक्ती अल्पवयीन, स्त्री किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तर शिक्षा जास्त. गुजरातने २००३ साली आणि उत्तर प्रदेशाने २०२१ साली हेच सूत्र ठेवले. म्हणजे चाळीस वर्षांची, संसार ओढणारी, मतदान करणारी बाई आणि बारा वर्षांचे पोर कायद्याच्या एकाच ओळीत! महाराष्ट्रातही २०२५ च्या फेब्रुवारीत सरकारने या विषयावर पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. हे बाईचे रक्षण आहे, असे सांगितले जाते. हे रक्षण नव्हे, हे पालकत्व आहे, आणि ते आपण कधीच मान्य केलेले नाही.

वऱ्हाड जुन्या मध्य प्रदेशात होता तेव्हाची गोष्ट. मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला १९५४ साली त्या सरकारने समिती नेमली. नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश डॉ. भवानीशंकर नियोगी तिचे अध्यक्ष होते. अहवाल १९५६ साली आला, धर्मांतरांवर कठोर टीका करणारा. त्याच वर्षी ऑक्टोबरात नागपूरला बाबासाहेबांनी लाखोंसह धम्मदीक्षा घेतली, आणि त्या वेळी खुद्द नियोगींनीही बौद्ध धर्म स्वीकारला. त्यांना फूस कोणी लावली, असे कोणी विचारले नाही. विचारूही नये. शिकलेल्या पुरुषाने विचार करून धर्म बदलला, हे जगाला पटते. तोच मान निंदायला जाणाऱ्या बाईला का नाही? केरळच्या हादियाला आपल्या धर्माची आणि नवऱ्याची निवड करायचा हक्क आहे, हे ठरायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. त्या निकालाचा दिवस ८ मार्च २०१८ होता. महिलादिनाची ती भेट आपण पुरेशी वापरली नाही.

सक्ती, फसवणूक, औषध बंद करून चंगाईचे आश्वासन, हे कोणत्याही धर्माच्या माणसाने केले तरी आपण विरोध करू, केलाही आहे. संविधानाच्या पंचविसाव्या कलमात धर्माचा प्रसार करण्याचा हक्क आहे. दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली म्हटले. ठीक आहे. पण स्वतःहून बदलणाऱ्या बाईचा हक्क तिचा स्वतःचा आहे, तो पाळकाचा नाही.

या सगळ्यात दलित बाईची कोंडी सर्वात मोठी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलितांच्या प्रश्नावर २०२२ साली न्या. के. जी. बालकृष्णन आयोग नेमला गेला. दाखला जाईल या भीतीने घरचे तिला सांगतात: प्रार्थनेला जा, पण बाप्तिस्मा घेऊ नको. मग दहा-बारा वर्षे ती गाते, वर्गणी देते, सतरंजी झाडते. पण वहीत सभासद म्हणून तिचे नाव नाही. नाव नाही म्हणून सभेत मत नाही. सरकारचा आदेश आणि मंडळीची वही, दोघांनी मिळून तिला गप्प केले.

तर करायचे काय? ख्रिस्ती बायांचा प्रश्न 'त्यांच्या धर्माचा' म्हणून आपण सोडून देऊ नये. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होत असे. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला मारहाण किंवा त्यागही सिद्ध करावा लागे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने हे अन्याय्य ठरवले आणि २००१ साली कायदा बदलला. ख्रिस्ती स्त्रिया आणि स्त्री-संघटना बरोबर उभ्या राहिल्या म्हणून हे घडले. कायदा बदलला, पण त्या पत्र्याच्या खोलीपर्यंत ती बातमी पोहोचलेली नाही.

माझी मंडळ्यांकडे मागणी साधी आहे. हिशेबाच्या आणि वडिलांच्या सभेत निम्म्या बाया असाव्यात. जी नियमित येते आणि देते, तिला बोलण्याचा हक्क असावा, मग बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. 'घरी शांती नाई' असे कोणी म्हटले की प्रार्थना जरूर करावी, पण त्याच रात्री तिला विचारावे की घरी जायचे की नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा तिला सांगावा, संरक्षण अधिकाऱ्याकडे जाताना दोघींनी तिच्याबरोबर जावे. पाठीवर ठेवलेला हात तिथपर्यंत पोहोचला, तरच ती खरी सहभागिता.

आणि आपण? आपण त्या गुरुवारी जाऊन बसावे. काही शिकवायला नाही, ऐकायला. मी आता महिन्यातून एकदा जाते. डोळे मिटत नाही, आणि मिटावेत असे कोणी म्हणतही नाही. मागच्या वेळी सभा सुरू झाली, तेव्हा चहाची पातेली तशीच ठेवून आमच्या गटातली ती बाई आत येऊन बसली. वर्गणीचा हिशेब वाचून झाल्यावर तिने विचारले, "आमच्या बायांचे पैसे वेगळे काऊन नाई दाखवले?" कोणी उत्तर दिले नाही. पण प्रश्न विचारून झाला होता.

रुक्मिणीनेही सुरुवात एका पत्रानेच केली होती.