आधी विम्याचा आकडा, मग गाडीची किल्ली

जुलै २०१७मध्ये अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेला एक कबुली द्यावी लागली. गाडीसाठी कर्ज घेतलेल्या सुमारे ५ लाख ७० हजार ग्राहकांच्या माथी तिने नको असलेला विमा मारला असावा, अशी. ज्यांनी स्वतःचा विमा काढला होता, त्यांच्याही गाडीवर बँकेने परस्पर दुसरा विमा उतरवला आणि त्याचा खर्च कर्जात मिसळला. वाढलेला हप्ता काहींना झेपला नाही. सुमारे २० हजार गाड्या जप्त होण्यात या भाराचा वाटा असू शकतो, हेही बँकेनेच मान्य केलं. ८ कोटी डॉलर परत करायचं जाहीर झालं. पुढच्या एप्रिलमध्ये गृहकर्जांतल्या गैरप्रकारांसकट १ अब्ज डॉलरचा दंड बसला.

हे एकाच बँकेचं प्रकरण म्हणून सोडून देता येत नाही. जुलै २०२४मध्ये फिफ्थ थर्ड बँकेवर अशाच कारणासाठी कारवाई झाली. सुमारे ३५ हजार ग्राहकांना त्याची झळ बसली होती, त्यातल्या हजारेक जणांच्या गाड्या गेल्या होत्या.

असा विमा लादण्याचा हक्क बँकेला मिळतो तो कर्जाच्या करारातून. गाडी तारण आहे, तेव्हा ती मोडली तर आपले पैसे बुडू नयेत ही बँकेची काळजी रास्तच आहे. म्हणून कर्ज फिटेपर्यंत कोलिजन आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे स्वतःच्या गाडीचं अपघातातलं नुकसान आणि चोरी, आग, गारपीट यांपासूनचं संरक्षण, घ्यावंच लागतं. राज्याचा कायदा बहुतेक ठिकाणी एवढं मागत नाही; त्याला मुख्यतः दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई हवी असते. कॅलिफोर्नियात तर दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी अवघ्या ५ हजार डॉलरचं संरक्षण अनेक दशकं पुरेसं मानलं गेलं. १ जानेवारी २०२५पासून ते १५ हजार झालं.

विम्यात खंड पडला, किंवा तो असूनही कागद बँकेपर्यंत पोचला नाही, की बँक स्वतःचा विमा लादते. तो सहसा महाग असतो आणि राखतो मुख्यतः बँकेचं हित. समोरच्या गाडीचं किंवा माणसाचं नुकसान झालं, तर कर्जदाराच्या हाती काहीच नसतं.

पुण्या-मुंबईहून नव्याने आलेलं कुटुंब इथे हमखास अडखळतं. आपल्याकडे ‘ऑन-रोड’ किमतीत विमा धरलेला असतो. आरटीओचे कागद, कर्जाची नोंद, पॉलिसी, सगळं शोरूमवाला उरकून देतो. अमेरिकेतल्या ‘आउट द डोअर’ किमतीत कर येतो, नोंदणी येते. विमा येत नाही. शिवाय तिथला प्रीमियम गाडीइतकाच चालवणाऱ्यावर ठरतो: वय, पत्ता, लायसन किती जुनं, आणि बहुतेक राज्यांत क्रेडिटचा इतिहासही. पुण्यात पंधरा वर्षं गाडी चालवलेला इंजिनीअर अनेक कंपन्यांच्या लेखी नवशिका ठरतो. कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स आणि हवाईमध्ये वाहनविम्यासाठी क्रेडिटचा आधार घेता येत नाही, तेवढाच दिलासा. नव्या गाडीला थोडे दिवस आपोआप संरक्षण मिळतं, हे ऐकून काहीजण निर्धास्त होतात. पण ती सवलत आधीची पॉलिसी असणाऱ्यांची. पहिलीच गाडी घेणाऱ्याला ती लागू नाही.

म्हणून क्रम उलटा हवा. आवडलेल्या दोन-तीन मॉडेलांचे विम्याचे आकडे आधी मागवावेत आणि प्रीमियम हप्त्यात मिळवून मगच गाडी परवडते का ते ठरवावं. हप्ता ४५० डॉलर आणि विमा २५० डॉलर असेल, तर ती ७०० डॉलरची गाडी आहे. सही झाल्यावर हा हिशेब मांडून काही हाती लागत नाही.

डीलरकडच्या फायनान्स मॅनेजरच्या टेबलावर आणखी एक शब्द कानावर येतो, गॅप. समजा, कर्ज २८ हजार डॉलर शिल्लक आहे आणि अपघातात गाडी पूर्ण गेली. विमा कंपनी बाजारभाव देते, तो धरू २४ हजार. त्यातून डिडक्टिबलचे, म्हणजे नुकसानीतल्या आपल्या वाट्याचे, हजार वजा. चेकवर पहिला हक्क बँकेचा. गाडी नाही, तरी ५ हजारांचं देणं उरतं. यातला मोठा भाग गॅप भरून काढतं, त्यामुळे डाउन पेमेंट नगण्य असेल तर ते घ्यावंच. पण घाईत नव्हे. काही विमा कंपन्या तेच संरक्षण पॉलिसीत जोडून देतात, आणि बहुधा स्वस्तात. कॅलिफोर्नियाने २०२३पासून डीलरच्या गॅपला कर्जाच्या ४ टक्क्यांची मर्यादा घातली, हे उत्तम झालं.

खरी सुधारणा मात्र बँकांच्या बाजूने व्हायला हवी. विमा लादण्याआधी ग्राहकाच्या विमा कंपनीकडे थेट चौकशी करणं सक्तीचं असावं. पॉलिसी चालू आहे की नाही, हे एका फोनवर कळू शकतं. एवढ्यासाठी कुणाची गाडी दारातून उचलून नेली जाऊ नये. तोवर कर्जदारानेच पॉलिसीवर बँकेचं नाव आणि विम्याच्या कागदांसाठी तिने दिलेला पत्ता अचूक घालून घ्यावा, पॉलिसीचं पहिलं पान दर नूतनीकरणाला बँकेला पाठवावं, पोच जपून ठेवावी आणि दर महिन्याच्या विवरणपत्रात विम्याच्या नावाखाली काही चढलंय का, ते पाहावं.