मामा, चूक तुझी नव्हती

गेल्या दिवाळीत आजोळच्या जुन्या फोटोंचा अल्बम इंटरनेटवर चढवला. मावशीच्या ट्रंकेतले, स्कॅन केलेले, दोनशेच्या वर फोटो. आता मी पडलो प्रोग्रामर, मग साधी पानं करून कसं चालेल? हौसेने 'सिंगल पेज ॲप्लिकेशन' केलं. म्हणजे पान सर्व्हरवरून एकदाच येतं आणि पुढे प्रत्येक टिचकीला जावास्क्रिप्ट त्याच पानातला मजकूर बदलते. मध्ये पांढरा पडदा नाही की वाट बघणं नाही. स्वारी स्वतःवर खूश!

मग मावशीला त्यात आजीच्या लग्नातला फोटो दिसला. तिने वरचा पत्ता कॉपी करून मामाला पाठवला. त्याने उघडला तर अल्बमचं पहिलं पान. तिने पुन्हा पाठवला, पुन्हा तेच. मग तो एकेक फोटो उघडून शोधायला लागला. एका फोटोतून यादीवर यायला 'मागे' दाबलं, तर थेट व्हॉट्सॲपमध्ये! रात्री फोन आला, "अरे, माझंच काहीतरी चुकतंय. या वयात नाही रे जमत." ऐंशीचा माणूस. त्याला आईचा फोटो बघायचा होता, एवढंच.

चूक माझी होती. मी मजकूर बदलत होतो, पण पत्ता तोच राहत होता. ब्राउझरच्या लेखी मामा पहिल्या पानावरून हललाच नव्हता.

ही अडचण काही नवी नाही. २००५ साली 'एजॅक्स' हे नाव रूढ झालं तेव्हापासून ती आहे. सुरुवातीला लोक पत्त्यात हॅशचं चिन्ह घालून वेळ निभावून न्यायचे. ट्विटरनेही २०१० च्या नव्या रूपात तो मार्ग धरला आणि २०१२ मध्ये सोडला. हॅशच्या पुढचा भाग सर्व्हरपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे नेमकं काय हवंय ते त्याला कळत नाही.

आता एचटीएमएल ५ मधली 'पुशस्टेट' ही सोय आहे. टिचकी मारली की पान नव्याने न मागवता पत्ता बदलायचा आणि इतिहासात एक नोंद टाकायची. 'मागे' दाबलं की ब्राउझर 'पॉपस्टेट'ची वर्दी देतो, मग पत्ता वाचून तो फोटो दाखवायचा. कोणत्या पत्त्याला काय दाखवायचं याचा तक्ता म्हणजेच राउटर. तो बसवला, माझ्याकडे झकास चाललं आणि मावशीला म्हटलं, पाठव आता.

मामाकडे उत्तर आलं : 'पान सापडलं नाही.' :-(

कारण बाहेरून येणारा माणूस आधी सर्व्हरच्या दारात उभा राहतो, आणि तिथे सत्तेचाळिसाव्या फोटोची फाइलच नव्हती. असा कुठलाही पत्ता आला तरी तेच एक पान द्यायचं, हे सर्व्हरलाही सांगावं लागतं. मग खरोखरच चुकीच्या पत्त्याला 'सापडलं नाही' म्हणण्याची जबाबदारी राउटरवर येते. शिवाय प्रत्येक फोटोचं शीर्षक बदलायला हवं, यादीवर परतल्यावर माणूस होता तिथेच यायला हवा, लिंक ही खरी लिंकच हवी, म्हणजे ती दाबून धरली की नव्या खिडकीत उघडते. साध्या पानांत हे सगळं ब्राउझर फुकट करत होता. मी ते आधी मोडलं आणि मग चार रात्री जागून पुन्हा बांधलं!

म्हणून माझं स्पष्ट मत सांगतो. नकाशा किंवा मेलसारखं काम असेल तर जरूर एका पानाचं ॲप करा. पण जिथे माणूस नुसता वाचायला, बघायला येतो, तिथे आधी साधी पानं पुरतील का ते विचारा. आणि ॲप करायचंच ठरलं, तर पडद्याची चित्रं काढण्याआधी कागदावर पत्त्यांची यादी करा. टिम बर्नर्स-लींनी १९९८ सालीच लिहून ठेवलंय की चांगले पत्ते बदलत नाहीत. मी त्यात भर घालेन : पत्ता आपला नसतोच. तो ज्याने कुणाला पाठवला त्याचा, आणि ज्याला मिळाला त्याचा असतो.

मला खरी टोचणी लागली ती मामाच्या त्या वाक्याची. आम्ही मोडून ठेवतो आणि समोरचा माणूस स्वतःला अडाणी समजतो. असे किती जण न बोलता फोन खाली ठेवत असतील?

असो. मामाला फोटो दिसला. "आईच्या नथीतला मोती पण दिसतोय की रे," म्हणाला, आणि मग बराच वेळ काही बोललाच नाही.

ब्लॉगकर मंडळी, तुमच्या घरात कुणी "मला नाही जमत" म्हणालं, तर त्यांना शिकवायला बसण्याआधी एकदा ते 'मागे'चं बटण स्वतः दाबून बघा.