टिक करण्याचा हक्क कुणाला?

धानाचा हंगाम लागला की गोंदियातल्या राइस मिलच्या काट्यावरचा कॉम्प्युटर दिवसभर पावत्या काढतो. मधेच लाइट जाते. बॅटरीनंही साथ सोडली, तर शेतकऱ्याच्या हातात पावती असते, डिस्कवर मात्र नोंद नसू शकते. डिस्क ‘लिहिलं’ म्हणते तेव्हा मजकूर बऱ्याचदा तिच्या राइट कॅशमध्येच, म्हणजे लाइट गेली की पुसल्या जाणाऱ्या तात्पुरत्या मेमरीत असतो. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम अधूनमधून तिला कॅश रिकामी करायला लावते.

विंडोजमध्ये डिस्कच्या ‘पॉलिसीज’ पानावर यासाठी दोन चौकोन आहेत. पहिल्यानं राइट कॅशिंग चालू-बंद होतं. दुसऱ्यावर टिक केली, की कॅश रिकामी करण्याचा हुकूमच थांबतो. खरा धोक्याचा हा दुसरा. ‘मशीन फास्ट होते’ म्हणून त्यावर टिक करणारे महाभाग आहेतच. तिथं हात लावायला अ‍ॅडमिन असावं लागतं. पण काट्यावरचा पोरगाही अ‍ॅडमिन म्हणूनच बसलेला असेल, तर सिस्टिमचा गाभा असलेला कर्नल बिचारा कुणाला अडवणार?

लिनक्समध्ये ‘एचडीआयओ-ड्राइव्ह-सीएमडी’ या जुन्या हुकुमानं साटा डिस्कची कॅश बदलायला गेलं, तर कर्नल ‘सिस-अ‍ॅडमिन’ आणि ‘रॉ-आयओ’ असे दोन अधिकार तपासतो. डिस्कची फाइल उघडता येते, एवढ्यावर भागत नाही. कॅश बंद करणं तर सुरक्षितच, मग परवानगी कशाला, असं कुणी म्हणेल. मला पटत नाही. एकानं ती बंद केली की त्या मशीनवरच्या सगळ्यांचंच काम मंदावतं.

ही कडकपणाची सवय ठेचा खाऊन लागली आहे. पूर्वी डिव्हाइस उघडता आलं की त्याला हवा तो हुकूम धाडता येई. ऑगस्ट 2004 मध्ये लिनक्स कर्नलच्या 2.6.8 आवृत्तीनं हुकूम गाळायला सुरुवात केली आणि सीडी राइट करणाऱ्या साध्या युजरांची पंचाईत झाली. 2023 च्या फेब्रुवारीत 6.2 आवृत्तीनं एनव्हीएमई डिस्कना थेट वाचण्या-लिहिण्याचे हुकूम देण्याची मुभा अ‍ॅडमिन नसलेल्यांनाही दिली. कॅशसारखं फीचर बदलणं तेव्हाही अ‍ॅडमिनकडेच राहिलं. पुढे लक्षात आलं, की तोकडा बफर देऊन डिस्ककरवी कर्नलच्याच मेमरीवर लिहून घेता येतं. त्याच वर्षी मुभा काढून घेतली. बरं केलं.

माझी तक्रार वेगळीच आहे. ‘सिस-अ‍ॅडमिन’ या एकाच अधिकारात डिस्क माउंट करणं, स्वॅप चालू करणं, होस्टनेम बदलणं, सगळं कोंबलंय. कॅशपुरता वेगळा, लहान अधिकार हवा. आज कॅश बंद करायला बोलावलेल्या माणसाच्या हाती अख्खं मशीन द्यावं लागतं.