टेन्शन घेऊ नका म्हणे!

"टेन्शन घेऊ नका," हे वाक्य महिन्यातून किती वेळा तुमच्या कानांवर पडतं? डॉक्टर म्हणतात, घरची मंडळी म्हणतात, ऑफिसातले साहेब म्हणतात, शेजारच्या काकूही म्हणतात. सांगलीच्या एका वाचक भगिनीनं पत्रातून याला चांगलं उत्तर दिलंय. ती लिहिते, "ताई, टेन्शन मी कुठं घेते? ते मला आणून दिलं जातं. घेऊ नका म्हणणाऱ्यांपैकी एकानं तरी त्यातलं थोडं स्वतःकडं घ्यावं की!"

ही भगिनी एका पतसंस्थेत कारकून आहे. मार्चअखेरचं काम, मुलगा दहावीला, सासूबाईंचे गुडघे धरलेले. पहाटे साडेचारला उठते, रात्री बाराला पाठ टेकते. छातीत धडधडतं म्हणून सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. मग तिथंही तेच वाक्य ऐकून ती घरी आली.

दुसरं पत्र साताऱ्याच्या एका शिक्षिकेचं. ती शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. सुट्टीत पगार नाही, जूनमध्ये पुन्हा बोलावतील की नाही याची धाकधूक, आणि घरी मात्र "तुझं काय बाई, अर्ध्या दिवसाचं काम!" मीही असेच तास घेते, त्यामुळं तिचं म्हणणं मला जास्त सांगावं लागत नाही. नोकरी अर्धवेळ असली की घरकाम पूर्णवेळ आपलंच, असं सगळेच धरून चालतात.

दोघींनाही मिळून आज उत्तर देते.

धडधड खोटी नसते

पहिली गोष्ट, तपासणीत काही निघालं नाही म्हणजे तुम्हाला काही होत नाही, असं नव्हे. १९३६ साली कॅनडात मॉन्ट्रियल इथं हान्स सेल्ये नावाच्या संशोधकानं उंदरांवर प्रयोग करून एक गोष्ट दाखवली. थंडी असो, जखम असो की अतिश्रम असोत, त्रासाचं कारण निरनिराळं असलं तरी शरीराचं उत्तर पुष्कळसं सारखंच असतं. पुढं यालाच 'स्ट्रेस' हे नाव रूढ झालं.

संकट आलं की अंगात अॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही द्रव्यं वाढतात. छाती जोरात चालते, स्नायू आवळले जातात, पचन मागं पडतं. वाटेत बैल अंगावर धावून आला तर ही तयारी फार कामाची, कारण पळता येतं! पण साहेबांच्या टेबलासमोरून पळता येत नाही. मग केलेली सगळी तयारी अंगातच राहते. मान आणि खांदे दुखतात, पित्त होतं, रात्री तीनला जाग येते, आणि काही कारण नसताना मुलांवर खेकसणं होतं.

मात्र उलट बाजूनंही सावध राहा. सगळंच खापर टेन्शनवर फोडू नका. रक्त कमी असणं, थायरॉईड, रक्तदाब, साखर, पाळी जाण्याचा काळ, यांतही थकवा आणि धडधड असते. एकदा तपासून घ्यावं, म्हणजे शंका राहत नाही.

वहीचं एक पान

आता उपायाकडं येऊ. मुलांच्या जुन्या वहीतलं एक कोरं पान घ्या आणि तीन रकाने आखा. पहिल्यावर लिहा, 'माझ्या हातातलं'. दुसऱ्यावर, 'कुणाच्याच हातात नसलेलं'. तिसऱ्यावर, 'माझं एकटीचं नसलेलं'. डोक्यात जे जे घोळतंय ते एकेक करून योग्य रकान्यात उतरवा.

पहिल्या दोन रकान्यांचं उदाहरण आमच्या घरचंच देते. माझं सासर साताऱ्याचं आणि माहेर सांगलीचं. इकडं पाटण भागात पाऊस कोसळला की कोयना धरण भरतं, दरवाजे उघडले जातात, ते पाणी कराडला कृष्णेला मिळतं आणि तिकडं सांगलीला आयर्विन पुलापाशी चढू लागतं. तिथं धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. तेव्हापासून पावसाळा आला की नदीकाठच्या घरांतल्या बायकांची झोप उडते. माझी आईही रात्रीतून चार-चारदा उठून मोबाईलवर पातळी बघत बसायची.

पाऊस किती पडावा हे दुसऱ्या रकान्यातलं. त्यावर कितीही जागलं तरी इंचभर पाणी उतरत नाही. पण रेशनकार्ड, पासबुकं, मुलांचे दाखले आणि औषधांच्या चिठ्ठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून वरच्या मजल्यावर ठेवणं, गॅसची टाकी कुठं हलवायची ते ठरवणं, वेळ आली तर कुणाकडं जायचं ते आधीच बोलून ठेवणं, हे पहिल्या रकान्यातलं. सगळं मिळून एका दुपारचं काम. आईनं ते केलं. पाऊस काही तिच्यासाठी थांबला नाही, पण आता ती पातळी सकाळ-संध्याकाळ दोनदाच बघते आणि रात्री झोपते.

साताऱ्याच्या शिक्षिकेलाही हेच सांगेन. जूनमध्ये बोलावणं येईल की नाही, हे आज तुमच्या हातात नाही. पण केलेल्या तासांचा हिशेब लिहून ठेवणं, अनुभवाचा दाखला मागून घेणं, सुट्टीतल्या दोन महिन्यांसाठी दरमहा थोडी रक्कम बाजूला टाकणं आणि जवळच्या दोन-तीन शाळांत अर्ज देऊन ठेवणं हातात आहे.

खरी गोम तिसऱ्या रकान्यात

सांगलीच्या भगिनीनं आपल्या कामांची यादीच पाठवली आहे. चार डबे, सासूबाईंना शेक आणि त्यांची औषधं, मुलाच्या क्लासची फी, गॅसचा नंबर, दळण, वीजबिल, नणंदेच्या मुलीचं केळवण, मामंजींची डोळ्यांची तपासणी. यादीच्या वर तिनं लिहिलंय, 'माझी कामं'.

बाई गं, यातलं तुझं एकटीचं काय आहे? सासूबाई तुझ्या नवऱ्याच्या आई आहेत. मुलगा दोघांचा आहे. दळलेल्या पिठाच्या भाकरी घरातले सगळे खातात. ही सगळी कामं तिसऱ्या रकान्यातली, आणि आपण ती बिनबोभाट पहिल्यात लिहून मोकळ्या होतो. कामं तर होतातच, पण ती लक्षात ठेवणं हेही एक काम असतं, आणि ते रात्रीसुद्धा संपत नाही.

ही एका घराची गोष्ट नाही. केंद्र सरकारनं २०२४ मध्ये केलेल्या वेळवापराच्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात असं आढळलं, म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकामात हात लावणाऱ्या पुरुषांचे ८८ मिनिटं. ज्या वेळेत ह्यांचा पेपर वाचून, आंघोळ होऊन, चहा घेऊन होतो, त्या वेळेत आपला ताण कुठून येतो हे या दोन आकड्यांत दिसतं.

आता वाटणी कशी करायची, ते सांगते.

१. काम देऊ नका, खातं द्या. "जरा दूध आणता का?" असं विचारलं तर आठवण ठेवण्याचं ओझं आपल्याकडंच राहतं. "दुधाचं सगळं तुमच्याकडं" म्हणा. आणणं, तापवणं, महिन्याचं बिल, पाहुणे आले तर जास्तीचं सांगणं, सगळं. दहावीचा मुलगाही आपला डबा भरू शकतो, आपले कपडे घडी घालू शकतो. त्यानं मार्क कमी पडत नाहीत.

२. दिलं की मागं लागू नका. कोशिंबिरीत मीठ जास्त पडेल, पंख्यावरची धूळ राहील. "त्यापेक्षा मीच केलं असतं" हे वाक्य उच्चारलंत की खातं परत तुमच्याकडं आलंच म्हणून समजा.

३. सासूबाईंना डावलून ठरवू नका. त्यांनीही वर्षानुवर्षं एकटीनं ओढलंय. "आई, बसल्या बसल्या तुम्हाला काय जमेल?" असं विचारून बघा. भाजी निवडणं, शेंगदाणे सोलणं, नातवाची उजळणी घेणं, यांत त्यांचाही वेळ जातो आणि घरात आपला उपयोग आहे असं वाटतं.

४. वेळ बघून बोला. भांडणाच्या भरात नको, ताटावर तर नकोच. रविवारी सकाळच्या चहाला कागद समोर ठेवा आणि विचारा, "एवढी कामं आहेत, कोण कोणतं घेतंय?" "मला जमत नाही" म्हटलं की सहानुभूती मिळते. यादी दाखवली की वाटणी मिळण्याची शक्यता असते.

सगळ्याच घरांत हे पहिल्या झटक्यात होणार नाही, हे मला ठाऊक आहे. कुणी हसण्यावारी नेईल, कुणी गाल फुगवेल. तिथं एकच खातं मागा, पण सोडू नका. आणि तोवर काही कामं सरळ गाळा. रोजच्या दोन भाज्यांऐवजी एक भाजी आणि कांदा-लसूण चटणी केल्यानं घराण्याचं नाव बुडत नाही. मात्र ज्या घरात कागद दाखवला तर हात उगारला जाईल, तिथली गोष्ट वेगळी. तो ताण नव्हे, तो अन्याय आहे. त्यासाठी १८१ हा महिलांसाठीचा मदतीचा क्रमांक आहे.

ऑफिसातलं ऑफिसात

हाच कागद कामाच्या ठिकाणीही चालतो. तीन कामं एकदम अंगावर आली तर "होत नाही" म्हणू नका. "साहेब, ही तीन आहेत, आज आधी कोणतं करू?" असं विचारा. मग क्रम लावण्याची जबाबदारी त्यांची होते. रात्री नऊनंतर मोबाईल स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवा. अगदी तातडीचं असेल तर फोन येईलच, ग्रुपवरचं सकाळी बघता येतं.

पण कुणी अचकट-विचकट बोलत असेल, लगट करत असेल, तर ते 'कामाचं टेन्शन' म्हणून गिळू नका. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात तिथं अंतर्गत समिती असलीच पाहिजे. त्याहून लहान जागी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाता येतं. तक्रार लेखी आणि शक्यतो तीन महिन्यांच्या आत द्यावी.

अंगात साठलेलं मोकळं करा

मघाशी म्हटलं ना, पळण्याची तयारी अंगातच राहते? ती शरीर हलवूनच मोकळी होते. त्यासाठी आपल्याला लांब जायला नको. साताऱ्याजवळच्या औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला होता. संस्थानातल्या शाळांत ते सक्तीचे केले होते. त्यांच्या पद्धतीवरचं इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये निघालं आणि ती साहेबाच्या देशातही पोचली. आपल्याला शंभर घालायचे नाहीत. सकाळी चार-पाच, सावकाश, श्वास सांभाळून घातले तरी आवळलेले खांदे सुटतात. गुडघेदुखी, रक्तदाब किंवा दिवस गेलेले असतील तर डॉक्टरांना विचारूनच. नाहीतर अर्धा तास झपझप चालणंही तितकंच चांगलं.

आणि जिथं चालताही येत नाही तिथं, म्हणजे एसटीच्या रांगेत किंवा साहेबांच्या केबिनबाहेर, चार आकडे मोजत श्वास आत घ्या आणि सहा आकडे मोजत हळूहळू बाहेर सोडा. असं दहा वेळा. श्वास सोडायला जास्त वेळ लागला की छातीचे ठोके आपोआप मंदावतात. पैसा लागत नाही, कुणाला कळतही नाही.

इतकं करूनही दोन आठवड्यांवर मन उदास राहिलं, कशात रस वाटेना, झोप-भूक गेली, जगणं नको वाटू लागलं, तर मात्र घरगुती उपायांवर थांबू नका. मनाच्या डॉक्टरांकडं जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे. १४४१६ या 'टेली मानस' क्रमांकावर दिवसरात्र कधीही, फुकट आणि मराठीतून बोलता येतं. हा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा. तुम्हाला नाही तर शेजारणीला उपयोगी पडेल.

तर सांगलीच्या भगिनी, तुमची यादी मी वाचली. त्यातलं वीजबिल, गॅस, दळण आणि मामंजींचे डोळे ही चार खाती या रविवारीच चहाबरोबर तुमच्या यजमानांपुढं ठेवा. कोणतं खातं कुणाकडं गेलं, आणि कोणतं गेलं नाही, ते मला जरूर कळवा. आणि बाकीच्या मैत्रिणींनो, तुमच्या तिसऱ्या रकान्यात काय काय निघालं, तेही लिहा. काही सुचलं तर मी सांगेनच, आणि मला नाही सुचलं तर तुमच्यातलीच कुणीतरी सांगेल.