ब्रिटनच्या कुरणांवरील काळा बिबट्या

इंग्लंडच्या वायव्येकडील कम्ब्रिया परगण्यात, वर्डस्वर्थच्या सरोवरांचा प्रदेश म्हणून मराठी वाचकाला ठाऊक असलेल्या डोंगराळ भागात, एक मेंढी मरून पडली होती. तिच्या जखमांवरून घेतलेल्या लाळेच्या नमुन्यात ‘पँथेरा’ गटातील प्राण्याचा, म्हणजे सिंह, वाघ, बिबट्या, जग्वार यांच्यापैकी कोणाचा तरी, डीएनए सापडल्याचे मे २०२४ मध्ये जाहीर झाले. तपासणी वॉरिक विद्यापीठातील प्रा. रॉबिन अ‍ॅलबी यांनी केली होती. ब्रिटनमध्ये कोल्हा आणि बॅजर यांच्यापेक्षा मोठा मांसाहारी वन्यप्राणी जमिनीवर उरलेला नाही, असे शालेय पुस्तकेही सांगतात. त्यामुळे या एका निष्कर्षाने साठ वर्षांचा जुना वाद पुन्हा ताजा झाला. ब्रिटनच्या ग्रामीण भागात बिबट्या किंवा प्यूमा खरोखरच वावरतो आहे काय, हा तो वाद.

वादाची मुळे तशी याहूनही जुनी आहेत. ‘रुरल राइड्स’ या १८३० साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात विल्यम कॉबेट या पत्रकाराने आपली एक बालपणीची आठवण सांगितली आहे. सरे परगण्यातील वेव्हर्ली अ‍ॅबीच्या भग्नावशेषांजवळ मध्यम आकाराच्या स्पॅनियल कुत्र्याएवढे मांजर झाडाच्या ढोलीत शिरताना त्याने पाहिले होते. घरी येऊन सांगितले तर मार बसला. तरी त्याने आपले म्हणणे सोडले नाही. योगायोग असा, की १९६० च्या दशकात ‘सरेचा प्यूमा’ गाजला तो याच परिसरात. सप्टेंबर १९६४ ते ऑगस्ट १९६६ या काळात गोडलमिंग येथील पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत ३६२ लोकांच्या खबरी लिहिल्या गेल्या. प्यूमा काही हाती लागला नाही.

त्यानंतर १९८३ साली डेव्हनमधील एक्समूर गाजले. साउथ मोल्टनजवळच्या एका शेतकऱ्याने तीन महिन्यांत शंभराहून अधिक मेंढ्या गमावल्याची तक्रार केली. मानेवर व गळ्यावर जखमा, मांस साफ खाल्लेले, असे वर्णन होते. सरकारने थेट रॉयल मरीन्सचे नेमबाज माळावर पाठवले. फॉकलंडच्या लढाईला पुरते वर्षही झाले नव्हते, तोच हे सैनिक झुडपांच्या आडोशाने एका मांजराची वाट पाहत बसले. काही सैनिकांना ते दिसल्यासारखे वाटले, पण गोळी एकही लागली नाही. सैनिक परतल्यावर मेंढ्या पुन्हा मरू लागल्या, असे गावकरी सांगत राहिले.

मोठी मांजरे आली कोठून, याचे सर्वांत लोकप्रिय उत्तर १९७६ च्या एका कायद्यात शोधले जाते. १९६० च्या दशकातील लंडनमध्ये हिंस्र प्राणी पाळणे ही श्रीमंती हौस होती, आणि तिला कायद्याची आडकाठी नव्हती. हॅरॉड्ससारख्या दुकानात सिंहाचे पिल्लू विकत मिळे. दोन ऑस्ट्रेलियन तरुणांनी १९६९ साली तेथूनच घेतलेला ‘ख्रिश्चन’ नावाचा सिंह चेल्सीतील फर्निचरच्या दुकानाच्या तळघरात वाढला. त्याला पुढे केनियात जॉर्ज अ‍ॅडमसन यांच्याकडे सोडण्यात आले. त्या तरुणांशी त्याच्या पुनर्भेटीची चित्रफीत २००८ साली इंटरनेटवर जगभर पाहिली गेली. ख्रिश्चनचे नशीब थोर. बाकीच्या बिबट्या-प्यूमांचे काय झाले, याची नोंद कोणी ठेवली नव्हती. ‘धोकादायक वन्यप्राणी कायदा’ १९७६ साली आला आणि परवाना, विमा, भक्कम पिंजरा यांचा खर्च मालकांच्या अंगावर पडला. काहींनी रात्रीच्या वेळी माळावर गाडी थांबवून मागचे दार उघडले असावे, असे मानण्यास जागा आहे. तसे केल्याची कबुली देणारेही पुढे निघाले. शिवाय असा प्राणी मोकळा सोडणे हा गुन्हा ठरला १९८१ च्या वन्यजीव कायद्याने. मधल्या पाच वर्षांत पळवाट उघडीच होती.

ही उपपत्ती पटण्यासारखी आहे, पण तिने अर्धाच प्रश्न सुटतो. बंदिस्त बिबट्या फार तर वीस-बावीस वर्षे जगतो. मोकळ्यावर त्याहून कमी. १९७६ साली सोडलेला प्राणी एकविसाव्या शतकात मेंढ्या मारू शकत नाही. मग त्यांची वीण झाली असली पाहिजे. वीण टिकायची तर नर-मादी एकमेकांना सापडतील इतकी संख्या हवी, आणि संख्या असली की मृतदेह, पिल्ले, विष्ठा, रस्त्यावर गाडीखाली आलेली जनावरे हे सारे ओघानेच आले. हा दुवा जोडण्यासाठी लागणारा पुरावा साठ वर्षांत पुढे आलेला नाही.

सुटी मांजरे मात्र खरोखर सापडली आहेत, आणि हे नाकारणारे शहरी टीकाकार थोडे उतावीळ ठरतात. स्कॉटलंडमधील कॅनिच येथे १९८० साली एका शेतकऱ्याने लावलेल्या पिंजऱ्यात जिवंत प्यूमा अडकला. ती मादी होती. ‘फेलिसिटी’ असे तिचे नाव ठेवले गेले; ती गुटगुटीत होती, माणसाळलेली होती, कोणी गुदगुल्या केल्या तर तिला आवडत. रानात वर्षानुवर्षे शिकार करून जगणाऱ्या प्राण्याची ही लक्षणे नव्हेत. हायलँड वाइल्डलाइफ पार्कमध्ये १९८५ साली ती वारली आणि आता पेंढा भरून इन्व्हर्नेसच्या संग्रहालयात उभी आहे. लंडनच्या गोल्डर्स ग्रीनसारख्या वस्तीत २००१ साली एक लिंक्स पकडले गेले. हॅम्पशायरमधील हेलिंग बेटावर १९८८ साली गाडीखाली मेलेले जनावर तर भारतात सर्वत्र आढळणाऱ्या रानमांजराच्या जातीचे निघाले. ब्रिस्टलच्या संग्रहालयात पडून असलेले आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी डेव्हनमध्ये मारले गेलेले एक लिंक्स कॅनडातील असल्याचे २०१३ च्या अभ्यासात दिसून आले. म्हणजे पळालेल्या प्राण्यांची परंपरा १९७६ च्या कायद्याहून फार जुनी आहे. या प्रत्येक प्रकरणात प्राणी एकेकटा होता आणि बंदिवासातून सुटलेला वाटत होता.

वादाचे मर्म मात्र कॉर्नवॉलमधील बॉडमिन मूरच्या प्रकरणात आहे. तेथील शेतकऱ्यांच्या आग्रहावरून कृषी मंत्रालयाने १९९५ साली अधिकृत चौकशी केली. अधिकाऱ्यांनी गाजलेली छायाचित्रे व चित्रफिती घेतल्या, त्याच जागी जाऊन मोजपट्टी उभी केली आणि ‘श्वापदा’ची उंची काढली. भिंतीवर बसलेला भयंकर प्राणी सुमारे फूटभर उंचीचा, म्हणजे घरातले मांजर निघाला. जुलै १९९५ मधील अहवालात मोठ्या मांजराचा पडताळण्याजोगा पुरावा नसल्याचे म्हटले होते. तसे मांजर नाहीच, हेही सिद्ध करता येत नाही, अशी प्रामाणिक पुस्ती जोडलेली होती. वृत्तपत्रांनी पुस्तीचाच मथळा केला. त्यानंतर काही दिवसांतच एका मुलाला फॉवी नदीत एक कवटी सापडली. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने ती तपासली. कवटी अस्सल बिबट्याचीच होती. पण आत उष्ण कटिबंधातील झुरळाची अंडकोषिका होती आणि हाडावर सुरीच्या खुणा होत्या. कोणाच्या तरी दिवाणखान्यातील बिबट्याच्या कातड्याच्या गालिच्याची ती कवटी. साम्राज्यकाळात असे किती गालिचे आशिया-आफ्रिकेतून ब्रिटनमध्ये गेले असतील, याची कल्पना भारतीय वाचकाला सहज येईल.

अहवाल शास्त्रीयदृष्ट्या नेटका होता, तरी गावांनी तो मानला नाही. तो कोणी दिला, हे येथे विसरून चालणार नाही. याच कृषी मंत्रालयाचे मंत्री जॉन गमर यांनी मे १९९० मध्ये कॅमेऱ्यांसमोर आपल्या चिमुरड्या मुलीला हॅम्बर्गर देऊन ब्रिटिश गोमांस सुरक्षित असल्याची ग्वाही दिली होती. मार्च १९९६ मध्ये, म्हणजे बॉडमिन अहवालानंतर आठच महिन्यांनी, ‘मॅड काऊ’ रोग आणि माणसांना होणारा मेंदूचा प्राणघातक विकार यांचा संबंध असण्याची शक्यता सरकारला संसदेत मान्य करावी लागली. २००१ मध्ये लाळखुरकुताच्या साथीत साठ लाखांहून अधिक जनावरे मारली गेली. सर्वाधिक झळ बसली ती कम्ब्रिया आणि डेव्हनला. ते मंत्रालयच त्या वर्षी गुंडाळण्यात आले. ज्या गावाने आपल्या डोळ्यांदेखत निरोगी कळपांच्या चिता पाहिल्या, त्याला लंडनहून आलेला ‘पुरावा नाही’ हा शब्द कसा ऐकू आला असेल? बिबट्या असो वा नसो, शेतकऱ्याची मेंढी मेलेली असते आणि त्याला मिळणारे उत्तर ‘तुझे काही तरी चुकले’ या धर्तीचे असते. कॉबेटला बसलेल्या मारासारखेच हे.

याचा अर्थ गावकऱ्यांचे डोळे बिनचूक असतात, असा नव्हे. मोकळ्या माळावर आकाराचा अंदाज घेण्यास झाड, कुंपण, माणूस असे काही लागते. ते नसले की अंतर चुकते आणि अंतर चुकले की मांजराचा बिबट्या होतो. ब्रिटनमधील बहुसंख्य खबरी काळ्या रंगाच्या प्राण्याच्या असतात, हेही सूचक आहे. बिबट्यांमध्ये काळे प्राणी अल्पसंख्य असतात. काळा प्यूमा तर कधी निर्विवाद सिद्धच झालेला नाही. पाळीव मांजरांत काळा रंग मुबलक. पोलिसांची फजितीही कमी झालेली नाही. हॅम्पशायरमध्ये मे २०११ मध्ये शेतात बसलेल्या पांढऱ्या वाघासाठी हेलिकॉप्टर पाठवले गेले, जवळचा क्रिकेट सामना थांबवला गेला. वाघ कापसाचा, खेळण्यातला होता. एसेक्समधील सेंट ओसिथ येथे ऑगस्ट २०१२ मध्ये ‘सिंहा’च्या शोधार्थ सशस्त्र पोलीस व प्राणिसंग्रहालयाचे तज्ज्ञ धावले, संशय अखेर ‘टेडी बेअर’ नावाच्या एका थोराड मांजरावर स्थिरावला.

महाराष्ट्राचा अनुभव या वादात दोन्ही बाजूंनी बोलतो. अहिल्यानगर (तेव्हाचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात अशा ऊसशेतीच्या मुलुखात, दर १०० चौरस किलोमीटरमागे जवळपास ५ प्रौढ बिबटे आढळले. बिबट्या माणसाच्या शेजारी राहूनही फारसा दिसत नाही, हे ब्रिटनमधील श्रद्धावंतांचे आवडते विधान त्यामुळे खरे ठरते. परंतु तेच बिबटे स्वयंचलित कॅमेऱ्यांत मात्र थोडक्या रात्रींत सापडले, प्रत्येकाच्या अंगावरील ठिपक्यांवरून वेगळे ओळखता आले. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यान परिसरात २०१५ च्या गणनेत ३५ बिबटे मोजले गेले, तेही याच पद्धतीने. ब्रिटनच्या रानांत हरणे, बॅजर, रानमांजरे यांच्यासाठी असे कॅमेरे ठिकठिकाणी लागलेले असतात. बिबट्या माणसाची नजर चुकवतो; कॅमेऱ्याला चुकवण्याची विद्या त्याने फक्त इंग्लंडमध्ये आत्मसात केली, असे मानणे कठीण आहे.

लिंक्सच्या ताज्या प्रकरणाने तर या कसोटीची जणू चाचणीच घेतली. स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म्स भागात किंगुसीजवळ जानेवारी २०२५ मध्ये कोणी तरी बेकायदा चार लिंक्स सोडली. पहिली दोन दिसल्याचे ८ जानेवारीला कळले. १० जानेवारीपर्यंत चारही पिंजऱ्यात होती. त्यांपैकी एक लवकरच मेले. डार्टमूर प्राणिसंग्रहालयातून जुलै २०१६ मध्ये पळालेले लिंक्स सुमारे तीन आठवड्यांत पकडले गेले. वेल्समधील बोर्थ येथून सुटलेल्या ‘लिलिथ’ला नोव्हेंबर २०१७ मध्ये स्थानिक प्रशासनाने गोळी घालण्याचा निर्णय घेतला. खरा प्राणी सुटला की तो दिवसांत वा आठवड्यांत हाती लागतो, असा हा इतिहास आहे.

मग कम्ब्रियाच्या मेंढीचे काय? अ‍ॅलबी हे उथळ संशोधक नव्हेत. ग्लॉस्टरशायरमधील वुडचेस्टर पार्क येथील मृत हरणांचे नमुने २०१२ साली त्यांनीच तपासले होते आणि त्यांत कोल्ह्याशिवाय काही नसल्याचे सांगितले होते. म्हणून त्यांचा २०२४ चा निष्कर्ष हसण्यावारी नेता येत नाही. तरीही हा एकच नमुना आहे. तो गटापर्यंत पोहोचतो, जातीपर्यंत नाही. आणि तो प्रथम पोहोचला तो शास्त्रीय नियतकालिकातून नव्हे, माध्यमांतून. फार तर एक सुटलेला प्राणी तेथून गेला, एवढेच त्यावरून म्हणता येईल. बिबट्यांची वस्ती आहे, असे त्यातून निघत नाही.

या वादाचा खरा परिणाम होतो आहे तो एका वेगळ्या प्रश्नावर. लिंक्स हा ब्रिटनचा मूळ रहिवासी. मध्ययुगात तो नष्ट झाला. त्याला परत आणण्यासाठी नॉर्थम्बरलँडच्या किल्डर अरण्यात सहा लिंक्स सोडण्याचा प्रस्ताव होता. पर्यावरणमंत्री मायकेल गोव्ह यांनी डिसेंबर २०१८ मध्ये तो फेटाळला. सर्वांत कडवा विरोध मेंढपाळांच्या संघटनेचा होता. ज्या माळांवर बिबट्या फिरतो असे सांगितले जाते, त्याच माळांवर लिंक्स नको, असा हा आग्रह. वरकरणी तो विसंगत वाटतो, परंतु विसंगती दिसते तेवढी नाही. आपल्या कळपावर काय सोडले जाते आणि नुकसान झाल्यास भरपाई कोण देतो, हे आपल्याला विचारले जावे, एवढीच मेंढपाळाची मागणी दोन्ही वेळी आहे. केर्नगॉर्म्समध्ये रात्री गुपचूप लिंक्स सोडणाऱ्यांनी नेमके हेच विचारले नाही. स्कॉटलंडमध्ये लिंक्स परत आणावे म्हणून शेतकऱ्यांशी चर्चा करत असलेल्या संस्थांनी त्या कृत्याचा निषेध केला तो त्यामुळेच.